बांगड्या वाढल्या

अरुंधतीने दहाव्या गणितावर लाल फुली मारली आणि पेन तसंच कागदावर टेकवून ठेवलं. वरची नऊ गणितं बरोबर होती. नुसती बरोबर नव्हती, प्रत्येकाखाली उत्तराचं पूर्ण वाक्य होतं. ‘म्हणून टोपलीत सतरा पेरू राहिले.’ चौथीच्या वर्गात असं वाक्य लिहिणारी रेणू एकटीच. आणि चुकवलं काय, तर सगळ्यांत सोपं गणित.

फाटकाशी रेणूचा बाप आबाराव खांद्यावर घोंगडी टाकून उभा होता. केदारखेड्याच्या रस्त्याला त्याची मेंढरं थांबलेली, घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं, बायको आणि भाऊ त्याचीच वाट बघत बसलेले. दिवाळी झाली की ही मंडळी मेंढरं घेऊन निघतात, ती पेरणीच्या तोंडावर परततात. गेल्या वर्षी त्याने रेणूला शाळेसाठी तिच्या मामाकडे मागे ठेवलं होतं. शाब्दिक उदाहरणांत तिला दहापैकी चार मिळाले. तेव्हा त्याने चारचौघांत सांगून टाकलं होतं :

“पुढच्या साली निघायच्या दिवशी पोरीचा पेपर घ्या. धापैकी धा आले तर ती इथं राहील. एक जरी चुकलं, तर मंग मेंढरामागं. अर्धीमुर्धी शाळा काय कामाची?”

माणूस वाईट नव्हता. पण एकदा शब्द गेला की गेला, मग देव खाली उतरला तरी तो फिरायचा नाही. आज तो निघायचा दिवस होता.

“रेणू, इकडे ये बाळा.”

रेणूने पेपर घेतला, फुलीकडे बघितलं आणि ती रडली नाही. रडली असती तर अरुंधतीला बरं वाटलं असतं. ती पेपर घेऊन सरळ व्हरांड्यातून स्वयंपाकाच्या खोलीकडे चालू लागली.

तिथे बायनाबाई होती. शाळेत खिचडी शिजवणारी. पन्नाशीची, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की मधल्या सुट्टीला घंटा वाजवायची गरज पडू नये. यंदा रेणू मागे राहिलीच, तर तिच्याच घरी राहणार होती. तसं बायनाबाईने आबारावला जूनमध्येच सांगून ठेवलं होतं आणि त्याच दिवसापासून पोरीच्या गणिताच्या मागे लागली होती.

तिची शिकवण्याची तऱ्हा म्हणजे एक नमुनाच होता. मला वाचता येत नाही, असं बायनाबाई म्हणायची. म्हणून पोरांनी गणित वाचून दाखवायचं आणि तिने तांदूळ निवडता निवडता विचारत राहायचं. कोण आला? कशापायी आला? घेऊन गेला का ठेवून गेला? रेणूच्या मागोमाग आणखी पाच-सहा पोरं तिथे जमायला लागली. कुणी पहिल्याच दमात आकडे घेऊन धावला की ती खेकसायची, “आकड्याला काय आग लागली का? आधी झालं काय ते सांग!”

पप्पू नावाच्या एका उतावळ्या पोराने एकदा बसचं गणित वाचलं होतं. बसमध्ये बत्तीस प्रवासी, थांब्यावर नऊ उतरले. आणि लगेच म्हणाला, एक्केचाळीस.

“बस कुठली रे?”

“भोकरदनची.”

“नऊ माणसं खाली उतरली. मंग बस हलकी झाली का जड?”

“हलकी.”

“मंग एक्केचाळीस कुठं बसवून राह्यला, टपावर?”

पोरं हसून हसून लोळली. पप्पूही हसला, आणि त्यानंतर त्याचं ‘उतरले’ कधी चुकलं नाही.

अरुंधतीला हे ऐकून माहीत होतं. सुरुवातीला वह्यांवरचे हळदीचे डाग बघून तिने कपाळाला आठ्याही घातल्या होत्या. ती जालन्याहून रोज स्कूटीने यायची, यंदाच या शाळेत आलेली, आणि शिकवायची हौस अशी की स्वतःच्या हाताने रंगीत तक्ता करून वर्गात टांगलेला. एका बाजूला ‘एकूण, मिळून, वाढले, जास्त : बेरीज’. दुसऱ्या बाजूला ‘उरले, दिले, कमी : वजाबाकी’. शब्द बघा, चिन्ह लावा. मुलांची गणितं सुधारली ती या तक्त्यामुळे, असं तिला मनापासून वाटायचं. गैरसमज गोड होता, म्हणून तिने तो कधी तपासला नाही.

आता बायनाबाई पदराला हात पुसत वर्गाच्या दारात आली. मागे रेणू. तेवढ्यात फाटकावरून आबारावही आला, कारण तिकडे मेंढरं चुळबुळायला लागली होती.

“झालं का मॅडम? जल्दी सांगा. जनावर थांबत न्हाई.”

अरुंधती उठून पुढे आली. “नऊ आलेत. छान सोडवलंय हो तिने. गेल्या वर्षी चार होते, यंदा नऊ आहेत, हे काही कमी नाही...”

“नऊ,” आबाराव म्हणाला. त्याचा चेहरा असा उतरला की बघवेना. पोरीला न्यायचं होतं म्हणून तो आला नव्हता, हे त्या क्षणी सगळ्यांना कळलं. त्याने घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “म्हणजे एक चुकलं.”

“एका गणिताचं काय घेऊन बसलात...”

“न्हाई मॅडम. शब्द म्हणजे शब्द. चल गं रेणे, दप्तर उचल.”

“भाऊ, दम धरा थोडा,” बायनाबाई मध्ये पडली. “पोरीचं चुकलं काय ते तरी कळू द्या. मॅडम, वाचा बरं ते गणित मोठ्यानं.”

अरुंधतीने पेपर हातात घेतला. तिला वाटलं, निदान बापाला दिसेल की चूक अगदी किरकोळ आहे. तिने वाचलं :

“राधाच्या हातात चोवीस बांगड्या होत्या. जत्रेत सहा वाढल्या. आता राधाच्या हातात किती बांगड्या?”

“अठरा,” आबाराव म्हणाला.

बोटांवर मोजलं नाही, वर बघितलं नाही, मेंढरं मोजणाऱ्या माणसाने मोजावं तसं क्षणात म्हणाला. अरुंधतीने पेपरकडे पाहिलं. रेणूनेही तेच लिहिलं होतं. अठरा.

“नाही हो. तीस. वाढल्या आहेत ना? चोवीस अधिक सहा.”

आबारावला खरोखरच काही समजेना. त्याने बायनाबाईकडे बघितलं, मग पुन्हा मॅडमकडे. “बांगड्या वाढल्यावर तीस कशा होतील? जत्रेत रेटारेटी असती. पोरीच्या हातातल्या सहा वाढल्या. मंग राह्यल्या अठराच की.”

बायनाबाई एकदम हसत सुटली. हसता हसता तिने दाराची चौकट धरली. “अगं माय माय! मॅडम, तुमच्या हातातली बांगडी कशाला आपटली, तर तुमच्या घरी काय म्हणतात?”

अरुंधतीने ‘फुटली’ म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द तिच्या जिभेवर येईना. येणार कसा? तिच्या माहेरी तो शब्द कधी कुणी उच्चारूच दिला नव्हता. लहानपणी एकदा बोलून गेली, तर आईने चटकन तोंडावर हात ठेवला होता. फुटली म्हणू नये बांगडीला, वाढली म्हणावं. गेल्याच आठवड्यात स्कूटी काढताना हात दारावर लागला, तेव्हा तिने स्वतः आईला फोनवर सांगितलं होतं, हिरवी बांगडी वाढली गं. घरी एक अरुंधती आणि तक्त्यापुढे दुसरीच, असं झालं होतं. गणित करताना तिने तक्त्यावरचा ‘वाढले’ उचलला, त्याला बांगड्या जोडल्या, जत्रा जोडली, आणि मग काय झालं ते एकदाही वाचून बघितलं नाही.

“मॅडम, नारळपण वाढवतात!” पप्पू बाकावरून ओरडला.

“आणि माझे काका दुकान वाढवतात, रोज रात्री,” दुसरं कुणीतरी म्हणालं.

“गप बसा रे,” अरुंधती म्हणाली, पण तिचंच हसू तिला आवरेना. ती रेणूसमोर वाकली. “तू कसं सोडवलंस गं? मला सांग.”

रेणू आधी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मी तीसच लिवणार होते, मॅडम. तक्त्यात तसंच हाय. मंग मावशीला सांगते तसं मनात सांगून बघितलं. राधा जत्रेला गेल्ती. लई गर्दी होती. तिच्या बांगड्या वाढल्या. ती रडून राह्यली.” ती थांबली. “मंग बेरीज कशी करू?”

अरुंधतीला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या वर इतकं कौतुक दाटून आलं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. वर्गातल्या बाकी सगळ्यांनी तीस लिहिलं होतं. तिने शिकवलं होतं म्हणून लिहिलं होतं. या एकट्या पोरीने मॅडमचा तक्ता बाजूला ठेवून राधाच्या हाताकडे बघितलं होतं.

तिने लाल पेनाने फुली खोडली आणि शेजारी बरोबरची मोठी खूण केली. नऊचे दहा केले. मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, “रेणूचं बरोबर आहे. चूक माझी होती.”

आबाराव मात्र जागचा हलला नाही. “मॅडम, मी दारात उभा हाय म्हणून बराबर करू नका. चुकलं असंल तर चुकलं म्हणा. मला वाईट वाटणार न्हाई.”

“बिलकूल नाही. तुमच्यासाठी कशाला करू? तुम्ही तर स्वतःच अठरा सांगितलेत.”

त्याने जरा विचार केला. मग पहिल्यांदाच हसला. “मंग मीबी पास म्हणायचा.”

“पहिल्या नंबराने,” बायनाबाई म्हणाली.

पुढचं सगळं घाईत झालं. आईबाप बाहेर जाणार आणि मूल गावात राहणार असलं, की शाळा एक अर्ज भरून घ्यायची. मूल कुणाकडे राहणार, त्याचं नाव, बापाची सही, सांभाळणाऱ्याची सही. अरुंधतीने ऑफिसात बसून तो भराभर लिहून काढला. आबारावने अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली, रेणूच्या डोक्यावर हात ठेवला आणि “मावशीला तरास देऊ नको” एवढंच म्हणाला. तो निघाला. रेणू त्याच्या मागे फाटकापर्यंत पळत गेली.

ऑफिसात दोघीच राहिल्या. अरुंधतीने शाईचा पॅड बायनाबाईपुढे सरकवला.

“मावशी, इथे अंगठा.”

बायनाबाईने आधी दाराकडे बघितलं. मग खिडकीतून बाहेर. पोरं सगळी फाटकाशी मेंढरं बघायला गोळा झाली होती. तिने पॅड परत सरकवला.

“पेन द्या.”

तिने अर्ज स्वतःकडे ओढला, वरून खालपर्यंत त्यावर नजर फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “हिच्या आईचं नाव उषाबाई हाय. तुम्ही घाईत ‘आशाबाई’ लिवलंय.” आणि खाली रेघेवर ठसठशीत, गोल अक्षरांत सही केली. बायनाबाई. शेवटच्या ‘ई’चं शेपूट जरा लांब ओढलं होतं, सवयीची सही असते तशी.

अरुंधती बघतच राहिली. “मावशी, तुम्हाला वाचता येतं?”

“हळू बोला,” बायनाबाई दटावून म्हणाली. “नातवाच्या अंकलिपीवरून शिकले. चार वर्सं झाली.”

“मग मुलांना सांगत का नाही?”

“आधीच्या पोरांना सांगितलं होतं की, ती गेली शिकून पुढं. तर काय व्हायचं, कार्टी पुस्तक माझ्याम्होरं धरायची. मावशी, तूच बघ. मी बघितलं की त्यांचं काम झालं.” तिने पेन टोपण लावून परत दिलं. “मला येत न्हाई म्हणलं की मंग बसतात बिचारी मला समजावून सांगत. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच कळतं. तुम्ही कुणाला बोलू नका बरं का. माझा सगळा धंदा बसंल.”

अरुंधतीने बी.एड. केलं होतं, प्रशिक्षणं केली होती. हे तिला कुठे कुणी शिकवलं नव्हतं.

दारात पावलं वाजली. रेणू आली होती, डोळे पुसून, नाक लाल झालेलं, आणि हातात गणिताचं पुस्तक.

“मावशी, पुढचा धडा सुरू करू?”

“कर की. वाच बाई, मला कुठं वाचता येतंय,” बायनाबाई म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

अरुंधतीने अर्ज उलटा करून पेपरवेटखाली ठेवला.

“सावकाश वाच गं,” ती म्हणाली. “मावशींना समजलं पाहिजे.”