क्यूबाची की घरची?

आमच्या सिगारच्या दुकानात शिरणाऱ्याला पहिला प्रश्न एकच: क्यूबाची की घरची?

क्यूबाची म्हणजे काचेच्या कपाटातली. लाल-सोनेरी पट्टा ल्यालेली, ओलावा राखून जपलेली, कुलपातली. घरची म्हणजे मागच्या खोलीत आम्ही पाच बायकांनी वळलेली. ती गल्ल्याशेजारी लाकडी पेटीत उभी. अंगावर पट्टा नाही, आणि डोक्यावर पानालाच पीळ देऊन काढलेली नखाएवढी शेंडी. बत्तीस वर्षं मी बघत आले, गिऱ्हाईक ‘क्यूबाची’ म्हणताना छाती पुढे काढतं आणि ‘घरची’ म्हणताना आवाज उतरवतं. जणू चारचौघांत पोट बिघडल्याचं औषध मागतंय.

सगळ्यांत वरचढ दातांचे डॉक्टर. दोन दारं सोडून त्यांचा दवाखाना. आठवडाभर लोकांना सांगणार, तंबाखू सोडा, दात काळे पडलेत. आणि शनिवारी दुपारी दवाखान्याला कुलूप लावून आमच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून क्यूबाची ओढणार. वीस वर्षांत त्यांनी घरचीला एकच नाव दिलं, गवताचा भारा.

“कधी ओढून बघितलीत का?” मी एकदा विचारलं.

“ओढायला कशाला हवी, आक्का? लांबूनच कळतं.”

“मग तुम्ही दातही लांबूनच काढत असाल.”

सगळे हसले, तेही हसले; पण घरचीला हात काही लावला नाही.

मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. मला सिगार वळायला सासूबाईंनी शिकवलं. त्यांची रीत अशी की आतली पानं एकावर एक रचून पुस्तकासारखी मिटायची नाहीत. एकेक पान वेगळं घ्यायचं, पोकळ नळीसारखं गुंडाळायचं, मग त्या नळ्यांची जुडी करून वर बांधणीचं पान चढवायचं, आणि शेवटी वरचं, देखणं. वेळ दुप्पट लागतो. पण धूर सरळ येतो, गाल दुखत नाहीत. मी सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात घाईघाईने पानं मिटली होती. सासूबाईंनी ती सिगार उलटी करून तिचा पाय, म्हणजे पेटवायचं टोक, बघितला, सुरीने ती चिरली आणि म्हणाल्या, “घाई असेल तर कुंपणाच्या काठ्या बांध. इथे बसू नकोस.” चांगल्या सिगारचं ते टोक मधाच्या पोळ्यासारखं दिसतं, बारीक बारीक गोल. त्या दिवसापासून कुठलीही सिगार हातात आली की मी आधी तिचा पाय बघते, डोकं मग.

गेल्या दोन-तीन वर्षांत वारं फिरलं. क्यूबाचे खोके वेळेवर येईनात. आले तर त्यांचे भाव ऐकून लोक कपाटापासून दोन पावलं मागे सरायचे. काही जण म्हणायचे, घट्ट लागते, ओढता ओढता दम लागतो. खरं-खोटं ज्याचं त्याला माहीत. मी क्यूबाला नावं ठेवणार नाही. तिथलं पान मी हातात धरलंय, तसं पान मिळावं म्हणून कुणीही जीव टाकेल. पण एवढं खरं की लोकांच्या नजरा हळूहळू लाकडी पेटीकडे वळायला लागल्या. आधी क्रेन चालवणारा तो जाडा घेऊन गेला. मग वकीलबाई. मग पियानो दुरुस्त करणारे म्हातारे, ते तर परत येऊन म्हणाले, “आक्का, इतकी वर्षं ही होती कुठे?”

“इथेच होती,” मी म्हटलं. “तुमचं नाक वर होतं, म्हणून दिसली नाही.”

बत्तीस वर्षांनी लोक तोंड उघडून घरची मागायला लागले होते. आणि नेमकं तेव्हाच माझ्या थोरल्याला शहाणपण सुचलं.

एक घाऊक व्यापारी आला. बोलताना समोरच्याच्या बाहीला हात लावायची त्याला खोड. मागच्या खोलीत येऊन आमचं काम बघत उभा राहिला, दोन-तीन सिगारी नाकाखाली फिरवल्या आणि म्हणाला, “आक्का, या हाताला तोड नाही. फक्त शेंडी तेवढी कापा, गुळगुळीत टोपी चिकटवा. पट्टा मी देतो. तिप्पट भाव.”

“पट्टा कुठला?”

“क्यूबाचा. अगदी हुबेहूब.”

“आणि हात कुणाचा म्हणून सांगाल?”

तो हसला. मी थोरल्याला म्हटलं, “यांना दार दाखव.” थोरला त्याला घेऊन गेला, आणि दार दाखवायला त्याला पाऊण तास लागला. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण पोटच्या पोरावर पाळत ठेवायची सवय नव्हती मला.

पंधरा दिवस गेले. शनिवारी दुपारी दुकान भरलेलं, आणि डॉक्टर खुर्चीतून ओरडले, “आक्का! हातातलं काम टाका, इकडे या! आयुष्यात एकदा तरी खरी सिगार बघून घ्या!”

मी हात पुसत बाहेर आले. त्यांच्या बोटांत सिगार होती, तिच्या टोकाला दोन बोटं पांढरी राख, पडायचं नाव नाही.

“ही बघा. याला म्हणतात क्यूबाची. दहा वर्षांत अशी ओढली नव्हती. आधी लाकडासारखी, मग भाजलेल्या बियांसारखी, आणि ओढ कशी, तर लोण्यासारखी. तुमच्या थोरल्याने खास माझ्यासाठी मिळवली. हे तुमच्या गवताच्या भाऱ्याला सात जन्मांत जमायचं नाही.”

खिशातून दुसरी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली, लहान मुलाला खेळणं द्यावं तशी. पट्टा लाल-सोनेरी. टोपी गोल, गुळगुळीत. मी सवयीने ती उलटी केली.

पायाशी पोळं होतं. बारीक बारीक गोल, माझ्या सासूबाईंचं.

त्या व्यापाऱ्याने आणि माझ्या थोरल्याने मिळून डोकं बदललं होतं आणि पाय तसाच ठेवला होता. टोपीकडे आणि पट्ट्याकडे बघणाऱ्यांच्या हातून हीच चूक व्हायची.

गल्ल्यामागे थोरला स्वच्छ काच पुन्हा पुसायला लागला होता.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. पोटात गुदगुल्या व्हाव्यात तसा. वीस वर्षं ज्याने नाक मुरडलं, त्याच्या तोंडून लोणी आणि भाजलेल्या बिया! गप्प बसले असते तर डॉक्टर खूश, पोरगा खूश, दुकान चालू. कुणाचं काही बिघडलं नसतं. फक्त मी जन्मभर ऐकत राहिले असते की माझ्याच हाताला माझ्या हातासारखं जमत नाही. आणि तिकडे क्यूबात माझ्यासारखीच कुणी बाई पाठ वाकवून सिगारी वळत बसली असेल. पट्ट्यावर तिचंही नाव नसतं, पण निदान तो तिच्या कामावर तरी चढतो. तो तिचा पट्टा काढून मी मिरवू? माझं काही अडलंय?

“डॉक्टर,” मी म्हटलं, “ही घरची आहे.”

“काय?”

“घरची. गवताचा भारा.”

क्रेनवाला फस्सकन हसला. डॉक्टरांचे कान लाल झाले. “आक्का, चेष्टेला सीमा असते. म्हणजे मला सिगार कळत नाही?”

“उलट आजच कळली. तुम्ही आत्ता जे जे बोललात ते सगळं बरोबर आहे.”

“पुरावा काय?”

आतून मी माझी गोल पात्याची सुरी आणली. त्यांची पट्टेवाली सिगार गल्ल्यावर ठेवून उभी चिरली. शेजारी पेटीतली घरची चिरली. दोन्ही पोटं उघडी केली. नळ्या तशाच, जुडी तशीच, वरून दुसरी नळी थोडी जाड, तीसुद्धा तशीच. ती माझ्या आखडलेल्या अंगठ्याची खूण. वकीलबाई चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, हा खटला मी तुमच्या बाजूने घेणार नाही.”

“फसवलंत मला,” डॉक्टर उठले.

“मी नाही. माझ्या मुलाने फसवलं. तो इथेच उभा आहे, पळून गेलेला नाही. तुमचे पैसे तोच परत देईल.”

“आई!” थोरला ओरडला.

“दे.”

त्याने दिले. डॉक्टर पैसे खिशात कोंबून तरातरा निघून गेले. हातातली पेटलेली सिगार मात्र त्यांनी टाकली नाही, हे मी बघून ठेवलं.

गिऱ्हाईक पांगल्यावर थोरल्याने तोंड उघडलं. “सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस.”

“होती ना तुझ्याकडे? मग आधीच बाहेर काढायचीस.”

“कपाट रिकामं पडतंय, आई. क्यूबाची येत नाही. तुझी घरची किती का विकेना, त्या भावात जागेचं भाडं निघत नाही. मी काय करायला हवं होतं?”

तेवढ्यात सून, थोरल्याची बायको, मागच्या खोलीतून आली. माझ्यासमोर येऊन सरळ उभी राहिली, डोळे खाली नाहीत. “आई, टोप्या मी बसवल्या. चाळीस.”

“बघितल्या. सुरेख बसल्यात. इतक्या चांगल्या टोप्या माझ्या घरचीला कधी घातल्या नाहीस.”

“तुम्ही शेंडीशिवाय हात लावू देता कुठे?”

पोरगी खरं बोलली होती. पण सासूने सगळंच कबूल करायचं नसतं, म्हणून मी तिला पाणी आणायला पाठवलं.

थोरला पुटपुटत होता, “डॉक्टरने तिप्पट पैसे हसत मोजले. आपल्या भावात ठेवली असती तर हुंगलीसुद्धा नसती.”

हे मात्र माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. रात्री जेवताना डोक्यात, सकाळी उठले तरी डोक्यात. डॉक्टरने मोजले ते पट्टा पेटवून ओढण्यासाठी थोडेच? बत्तीस वर्षं मी स्वतःच घरचीला गल्ल्याच्या कडेला उभी केली होती, पडेल भावाने, कुणी रागावू नये अशी. मग लोकांनी आवाज उतरवला तर त्यांचा काय दोष?

सकाळी मी थोरल्याला समोर बसवलं. “काल तू एक गोष्ट खरी बोललास. चल, पट्टे काढ.”

आम्ही तिघं बसलो. उरलेल्या सिगारींचे पट्टे नखाने अलगद सोडवले आणि चुलीत घातले. मग काचेच्या कपाटाचा मधला खण रिकामा केला, डोळ्यांच्या उंचीचा, जिथे आजवर फक्त क्यूबाची बसायची. तिथे घरची लावली. सुनेने विचारलं, टोपी की शेंडी? मी म्हटलं, “दोन्ही. एका ओळीत तुझी टोपी, एका ओळीत माझी शेंडी.” पुठ्ठ्यावर मी स्वतःच्या हाताने लिहिलं, घरची. ‘घ’ जरा लंगडा झाला. खाली किंमत, डॉक्टरने मोजली होती तीच, एक पैसा कमी नाही.

“एकही खपणार नाही,” थोरला म्हणाला.

“मग मी ओढीन. मला दम्याचा त्रास नाही.”

पहिला आठवडा शिव्या खाण्यात गेला. “आक्का, डोकं फिरलं का?” “पट्टा नाही आणि एवढा भाव?” क्रेनवाला हिरमुसला, तर त्याच्यासाठी कातरणातल्या तुकड्यांची आखूड सिगार वेगळी वळली. कष्टकऱ्याचा खिसा मला कळतो. नाकाची उंची मात्र मी मोजत बसत नाही. तो बाहीला हात लावणारा परत आला, त्याला म्हटलं, “शेंड्या कापायची एवढी हौस असेल तर आधी स्वतःची वाढवा.” पियानोवाल्या म्हाताऱ्यांनी दोन घेतल्या. वकीलबाईंनी पाच. बाकी खण भरलेला. थोरला रोज संध्याकाळी त्या खणाकडे बघून सुस्कारे टाकायचा, मला ऐकू येतील एवढे मोठे.

तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सबाई पाकीट घेऊन आल्या. “चार सिगारी हव्यात.”

“कुठल्या?”

“त्या... तुम्हाला माहीत आहेत म्हणाले.”

“मला काही माहीत नाही. ज्याला हव्यात त्याला नाव घ्यायला लाज वाटते का?”

त्या तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या. मी पाकीट परत त्यांच्या हातात दिलं. “सांगा त्यांना, दात काढून घ्यायचा तर माणूस स्वतः येतो. नर्सच्या हाती दात पाठवत नाही.”

“आई, चार सिगारी होत्या,” त्या गेल्यावर थोरला कळवळून म्हणाला.

“मला दिसतंय.”

शनिवारी डॉक्टर आले. त्या आठवड्यात नशिबाने क्यूबाचे दोन खोके आले होते, अस्सल. डॉक्टर कपाटासमोर हात मागे बांधून उभे राहिले. दुकान भरलेलं, आणि सगळे दुसरीकडेच बघत असल्यासारखे.

“क्यूबाची आली वाटतं,” ते म्हणाले.

“आली. खरी आहे, मी पाय बघितलाय. देऊ?”

त्यांची नजर त्या लंगड्या ‘घ’वर.

“भाव जरा जास्तच लावलाय.”

“मागच्या वेळी परवडला होता.”

त्यांनी खिशातलं पाकीट चाचपलं. मग कॉलरशी बोलल्यासारखे, “घरची.”

“डॉक्टर, माझे कान म्हातारे झालेत.”

“घरची द्या!” ते असे काही कडाडले की मागच्या खोलीतल्या सुऱ्या थांबल्या. “चार घरची! शेंडीवाल्या! झालं समाधान?”

मी चार काढून कागदात गुंडाळून दिल्या. त्यांनी पैसे मोजले, एक तिथेच पेटवली आणि खुर्चीत जाऊन बसले. चांगली म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. दुपार संपेपर्यंत मधल्या खणातल्या आणखी नऊ गेल्या. मागणारा एकही जण हळू बोलला नाही.

दुकान बंद करताना थोरला माझ्याजवळ सरकला आणि लाडीगोडीने म्हणाला, “आई, आता पटलंय लोकांना. जरा भाव उतरवूया का? म्हणजे आणखी खपतील.”

“उतरवायचा?” मी कपाटाला कुलूप लावलं. “पुढच्या महिन्यात वाढवतेय.”