माझ्या आकड्यातले तीन कुणी पळवले?

मित्रांनो, मी एक जुना ठरवलेला तापमानाचा सेन्सर आहे. ठरवलेला म्हणतो, कारण माझं वय महिनाभरसुद्धा नाही! पण एकदा नाव खराब झालं, की नवी वस्तूही भंगारात जमा होते. सध्या मी टेबलाखालच्या डब्यात तुटक्या वायरी आणि गंजक्या स्क्रूंच्या संगतीत पडलो आहे, आणि माझा नुसता संताप संताप होतो आहे.

मी नखाएवढा काळा तुकडा, तीन पायांचा. ऊब किती, एवढंच मला कळतं; पण ते चोख कळतं. या घरातल्या ताईने मला एका छोट्या बोर्डावर बसवलं. मी मोजायचं, बोर्डाने ऐकायचं आणि पडद्यावर आकडा दाखवायचा, अशी कामाची वाटणी होती. त्या बोर्डावरची एक चिप काम करताना तापते. ताईने मला नेमकं तिला खेटून बसवलं! साहजिकच मी खोलीपेक्षा तीन अंश जास्त सांगू लागलो. चुलीजवळ बसवलेल्याला गारवा कुठून लागणार?

"हा जास्तच दाखवतोय," ताई वैतागली.

"मग त्याला जरा लांब सरकव ना," आई म्हणाली.

"त्यापेक्षा प्रोग्राममध्येच तीन वजा करते. एका ओळीचं तर काम."

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! पण माझं कोण ऐकतो?

शेजारच्या घरात ताईचे काका राहतात. त्यांची एक बदकीण होती, ठुमकी. काका अंगणात आले की ही त्यांच्या मागेमागे. एके दिवशी कुत्र्यांनी तिला मारलं. मागे उरली तिची अंडी. काकांना जेवण जाईना. "तिचं एक पिल्लू जरी निघालं ना, तरी मला पुरे गं," ते ताईला म्हणाले.

अंडी उबवायला साडेसदतीस अंश ऊब लागते. ताईने खोक्यात दिवा लावून तो बोर्डाला जोडला आणि मला लांब वायर जोडून अंड्यांमध्ये सोडलं. आता तापणारी चिप दूर होती. मी अगदी बरोबर मोजत होतो. पण वजाबाकीची ती ओळ काढायचं ताई विसरली! मी सांगायचो साडेचाळीस, बोर्ड दाखवायचा साडेसदतीस. जरा कमी झालं की तो पुन्हा दिवा पेटवायचा. आत अंडी भाजत होती आणि बाहेर माझं कौतुक चाललं होतं.

"एकदा आपला तापाचा थर्मामीटर आत ठेवून बघ," आई म्हणाली.

"आई, काहीतरीच काय! मशीन आहे ते."

आठवड्याने काकांनी एकेक अंडं टॉर्चवर धरलं. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसायला हवं होतं. एकातही दिसलं नाही. काकांनी टॉर्च विझवला आणि ते खाली बसले. मलाही फार वाईट वाटलं. तेवढ्यात ताई डोळे पुसत म्हणाली, "सेन्सरच फालतू निघाला."

फालतू? खोटं तुम्ही माझ्या तोंडी घालायचं, आणि खोटारडा मी? चोर सोडून संन्याशाला सुळी!

काकांनी सगळी अंडी एकदम ठेवली नव्हती. निम्मी गार खोलीत जपली होती. आज ताईने माझ्या जागी नवा सेन्सर जोडला. बोर्ड तोच, प्रोग्रामही तोच. काकांनी हात पुसले आणि ती शेवटची अंडी अलगद आत मांडली. थोड्या वेळाने पडद्यावर साडेसदतीस उमटले.

"आता बरोबर आहे ना गं?" काकांनी विचारलं.

"एकदम बरोबर, काका."

बरोबर नाही, मित्रांनो, बरोबर नाही! माझी बाजू घेऊ नका, मला या डब्यातून काढूही नका. वस्तूला दोष देण्याआधी तिला आपण काय शिकवलं ते तपासावं, हेही नंतर शिका. आधी कपाटातला थर्मामीटर घ्या आणि त्या अंड्यांशेजारी ठेवा. आत्ताच्या आत्ता! बोर्डाने दिवा पुन्हा पेटवला आहे.