ताईच्या घरापर्यंत पुरेल इतकं चार्जिंग

बांधकाम खात्यात एस्टिमेट करता करता ज्यांचे केस पांढरे झाले, त्या गृहस्थांना ऑफिसात सगळे मार्जिनसाहेब म्हणत. एखाद्या पुलाला किती सिमेंट लागेल असं विचारलं, की ते आधी रीतसर आकडा काढत. मग त्यावर सांडलवंडीचं मार्जिन धरत, मग पावसाचं, मग चोरीचं, आणि आपलंच काही चुकलं असेल तर असावं म्हणून शेवटी या सगळ्यावर आणखी एक. त्यांच्या हातून गेलेली एकही भिंत कधी पडली नाही. काही भिंती तर पुढे पाडायच्या ठरल्या तेव्हाही पडल्या नाहीत. काही पूल मात्र बांधलेच गेले नाहीत, कारण मार्जिनसकट खर्च पाहून वरच्यांनी हात टेकले. पण न बांधलेला पूल कोसळून कोणी मेलं असं काही ऐकिवात नाही, आणि मार्जिनसाहेब त्यातही समाधान मानत.

असा माणूस निवृत्तीनंतर इलेक्ट्रिक गाडी घेईल यावर कोणाचा विश्वास बसला नसता. घेतली ती बायकोसाठी. तिला बस लागायची. पेट्रोलचा नुसता वास आला तरी पोटात ढवळायला सुरुवात. आणि तिची एकुलती एक मोठी बहीण, ताई, राहायची घाटापलीकडे. सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला पोचावं, एवढ्या अंतरावर. आई लवकर गेल्यामुळे ताईनेच हिच्या वेण्या घातल्या होत्या, अभ्यास घेतला होता, लग्नही लावून दिलं होतं. आता ताई विसरायला लागली होती. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग गॅस बंद केला का ते, मग शेजारणीचं नाव. एक दिवस ताईच्या मुलाचा फोन आला.

"मावशी, डॉक्टर म्हणतात हे आता वाढतच जाणार. तुला अजून ओळखते. रोज तुझं नाव काढते. तोवर एकदा येऊन जा."

त्याच आठवड्यात मार्जिनसाहेबांनी गाडी बुक केली. धूर नाही, वास नाही, गचके नाहीत. बायको पाळण्यात बसल्यासारखी बहिणीकडे जाईल, असा त्यांचा बेत. याला प्रेमच म्हणतात, दुसरं काही नाही. पुढे जे झालं ते वाचताना एवढं मात्र विसरू नका.

गाडी दारात आली आणि घोडं चार्जिंगवर अडलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पॉइंट बसवायचा म्हणजे मीटिंग आली. एकाने विचारलं, गाडीने वीज ओढली आणि लिफ्ट मध्येच लटकली तर जबाबदार कोण? दुसऱ्याने भिंतीतून मुलांचा झोका बांधलेल्या खांबापर्यंत शॉक पोचेल का, अशी शंका काढली. तिसऱ्याचं म्हणणं, आज यांना पॉइंट दिला तर उद्या सगळेच मागतील. जणू सगळ्यांना मिळावं ही फार मोठी आपत्ती होती. शेवटी एक उपसमिती नेमली गेली. उपसमितीने पार्किंगची पाहणी केली, चहा घेतला आणि पुन्हा पाहणी करायचं ठरवलं. जे काम ठरायला अख्खा हिवाळा गेला, ते इलेक्ट्रिशियनने एका दुपारी उरकलं, आणि त्यातही मध्ये तासभर डुलकी काढली.

"चला, झालं एकदाचं," बायको म्हणाली. तिची बॅग केव्हाच भरून झाली होती. "रविवारी निघू या?"

"निघू की," मार्जिनसाहेब म्हणाले. "जरा हिशेब करतो."

ते ऐकून बायकोने भरलेली बॅग पुन्हा कोपऱ्यात सरकवली. उगाच नाही, संसार केला होता तिने त्यांच्याबरोबर.

शोरूममधल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, की एका चार्जिंगमध्ये ताईच्या घरी पोचून अर्ध्या रस्त्यापर्यंत परतही याल. पण विकणारीने सांगितलेला आकडा, म्हणून मार्जिनसाहेबांनी आधी त्याला कात्री लावली. मग एसीचं मार्जिन वजा केलं. मग घाटाच्या चढाचं. उताराला बॅटरी थोडी भरते असं कंपनी म्हणते, ते त्यांनी धरलंच नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. मग समोरून वारा आला तर त्याचं, रस्ता चुकला तर त्याचं, बायकोच्या बॅगेचं. असं करत करत त्यांनी गाडी कागदावर घाटाच्या ऐन मध्यात बंद पाडली.

"बघ," ते म्हणाले. "इथे अडकणार आपण."

"अहो, तिथे काय अडकणार? त्या बाई म्हणाल्या आरामात पोचाल."

"आरामात हे काय माप झालं? घाटात गाडी बंद पडली तर करशील काय? रस्त्याच्या कडेला बसशील?"

"बसेन," ती म्हणाली.

हे उत्तर कुठल्याच हिशेबात बसण्यासारखं नव्हतं, म्हणून मार्जिनसाहेबांनी ते ऐकलंच नाही.

गाडी मात्र त्यांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. भाजी आणायला नेली की आल्यावर चार्जिंगला. पुसायला जरा पुढे घेतली की चार्जिंगला. सोसायटीतले लोक म्हणायचे, यांची गाडी चालते कमी आणि जेवते जास्त. तिकडे ताई फोनवर एकच प्रश्न तीनतीनदा विचारू लागली होती. "कधी येतेस गं?" बायको सांगायची, "आलेच ताई, गाडी तेवढी चार्ज होऊ दे." फोन ठेवल्यावर बराच वेळ ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही.

एका सकाळी तिने बॅग उचलली, लिंबू हुंगत बस स्टँड गाठलं आणि बसमध्ये जाऊन बसली. बस शहराच्या हद्दीपर्यंत पोचली नाही तोच तिची आतडी पिळवटून निघाली. कंडक्टरने तिला उतरवून एका दुकानाच्या पायरीवर बसवलं. मार्जिनसाहेब धावत गाडी घेऊन आले, तिला पाणी पाजलं, मागच्या सीटवर आडवं केलं. वाटेत ते म्हणाले, "म्हणून तर म्हणतो, घाई नको." खरं म्हणजे त्यांचे डोळे भरून आले होते. पण तोंडातून निघालं ते हेच.

त्यानंतर त्यांनी कंबर कसली. घाटाच्या अलीकडे, बरोबर निम्म्या वाटेवर, एक मोठं हॉटेल होतं आणि त्याच्या मालकाने अंगणात चार्जिंग स्टेशन टाकायचं मनावर घेतलं होतं. मार्जिनसाहेबांनी त्याचा नंबर मिळवला. मालक भला माणूस. म्हणाला, "एक साधा पॉइंट घेतोय साहेब. पंधरवड्यात चालू. या तुम्ही."

"एकच?" मार्जिनसाहेब म्हणाले. "आणि तो बिघडला तर?"

मालकाने हा विचार केला नव्हता. तो दोन पॉइंट घ्यायला तयार झाला. मग मार्जिनसाहेबांनी विचारलं, दोन्हींवर एकदम गाड्या लागल्या तर तुमच्या हॉटेलच्या लाइनला तो भार झेपेल का? मालकाने हाही विचार केला नव्हता. मग वाढीव भाराचा अर्ज गेला. वाढीव भारासाठी नवा ट्रान्सफॉर्मर लागणार, असं वीज कंपनीने कळवलं. ट्रान्सफॉर्मरसाठी चौथरा लागला, आणि चौथऱ्याचं एस्टिमेट कोणी करून दिलं असेल हे सांगायला नको. तो चौथरा असा मजबूत झाला की त्यावर हत्ती बांधता आला असता. पंधरवड्याचं काम उन्हाळा ओलांडून गेलं. हॉटेलवाला मात्र मनापासून म्हणायचा, "साहेब, तुम्ही नसतात तर मी काहीतरी किरकोळ उभारून मोकळा झालो असतो."

"आता ताई मला फोनवर आई म्हणाली," एका संध्याकाळी बायकोने सांगितलं. "हाक मारली ती आई म्हणून. मग सावरली. मग विचारलं, तू कुठून बोलतेस."

"ट्रान्सफॉर्मर आलाय," मार्जिनसाहेब म्हणाले. "आता फक्त जोडणी राहिली."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही.

स्टेशन सुरू झालं त्या दिवशी पहिली गाडी म्हणून हॉटेलवाल्याने त्यांनाच बोलावलं. भल्या सकाळी ते निघाले. एसी बंद, वाऱ्याने गाडी अडू नये म्हणून काचाही बंद. दोघं घामाने निथळत होते आणि मागून येणारे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत पुढे जात होते. हॉटेलच्या अंगणात लाल रिबन बांधली होती. मार्जिनसाहेबांच्या हातात कात्री दिली गेली. वेटर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग मालकाने मोठ्या थाटात केबल गाडीला जोडली, पडद्यावर नजर टाकली आणि तो गोंधळला.

"साहेब, ही तर भरलेलीच आहे की! कोपरा तेवढा रिकामा झालाय. एवढ्या चार्जिंगवर तर लोक घरून निघतात."

बायको वाकून पडद्याकडे बघत होती. तिला गाडीतलं काही कळत नसे, पण एवढं कळायला काही लागत नव्हतं.

"म्हणजे इथे न थांबता पोचलो असतो?"

"पोचलो असतो," ते म्हणाले.

"आणि उन्हाळ्यात? तेव्हाही?"

"तेव्हाही."

"आणि पार्किंगमध्ये पॉइंट बसला त्या रविवारी?"

मार्जिनसाहेबांनी मान खाली घातली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांचा आकडा कधी कमी पडला नव्हता, याचा त्यांना अभिमान होता. आज पहिल्यांदाच त्या शिलकीची लाज वाटली. बायको जाऊन गाडीत बसली.

घाट ते एसी लावून चढले. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. वळणावळणावर बायको बाहेर बघत होती आणि तिला एकदाही मळमळलं नाही. मार्जिनसाहेबांना वाटत होतं, काहीतरी बोलावं, चुकलं म्हणावं. पण ताईच्या घरी पोचल्यावर दोघी बहिणी गळ्यात गळा घालून रडतील, हसतील, त्यात आपलं चुकलेलं वाहून जाईल, अशी त्यांना आशा होती. माणसाने आशा किती धरावी याचा हिशेब मात्र त्यांनी केला नव्हता.

ताई दारापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीची साडी. भाच्याने पुढे येऊन मावशीच्या हातातली बॅग घेतली आणि आईच्या कानाशी वाकून तो म्हणाला, "आई, बघ कोण आलंय!"

ताईने वर पाहिलं. चेहऱ्यावर हसू आलं. छान, अगत्याचं, दारी आलेल्या कोणाहीसाठी असतं तसं हसू.

"या, या. बसा ना," ती म्हणाली. "लांबून आलात?"

बायको ओट्याच्या पायरीवरच थांबली. आयुष्यात ताईने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. "ताई, अगं मी," ती म्हणाली.

"हो, हो," ताई समजूतदारपणे म्हणाली. कोणाचं मन मोडायचं नाही ही तिची जुनी सवय. ती तेवढी शाबूत होती. "उन्हाचं आलात. हा पाणी आणेल हं. बसा तुम्ही."

बायको शेजारच्या बाकावर बसली. भाचा खाली मान घालून म्हणाला, "गेल्या महिन्यापर्यंत ओळखत होती, मावशी. फोटो दाखवला की नाव सांगायची." मार्जिनसाहेब गाडीच्या दाराला हात लावून तसेच उभे होते. ताईचं लक्ष त्यांच्याकडे गेलं, मग गाडीकडे.

"गाडी छान आहे तुमची," ती बायकोला म्हणाली. "आली तरी आवाज नाही. ड्रायव्हरही शांत दिसतोय. असे मिळत नाहीत हल्ली."

भाचा काही सांगायला गेला. मार्जिनसाहेबांनी हाताने त्याला थांबवलं.

"माझ्या धाकट्या बहिणीकडेही अशीच गाडी आहे," ताई पुढे म्हणाली, आणि आता तिचा चेहरा खरोखर उजळला. "तिच्या नवऱ्याने मुद्दाम तिच्यासाठी घेतली. तिला बस सोसत नाही ना, लहानपणापासून. फार गुणाची आहे. यायचीय ती माझ्याकडे."

"हो का?" बायकोने विचारलं.

"हो. निघालीच आहे म्हणा ना. चार्जिंग तेवढं व्हायचंय." ताईने रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकली आणि परत आणली. "म्हणून तर रोज इथे बसते. आली आणि मी आत असले तर?"

मार्जिनसाहेबांनी गाडीचं दार घट्ट धरलं. आत पडद्यावर हिरवा आकडा दिसत होता, भरपूर शिल्लक.

बायकोने पदराने तोंड पुसलं, बाक ताईच्या खुर्चीला चिकटेपर्यंत सरकवला आणि तिचा हात हातात घेतला.

"मग मी थांबू का, ती येईपर्यंत?"

"थांबा की," ताई म्हणाली. "तुम्हाला भेटून तिला फार बरं वाटेल."