गुलाबी पाणी

सुकन्याचे डोळे पिवळे झाले आणि अख्ख्या गल्लीने एका सुरात निकाल दिला: पोरीने शाळेबाहेरची पाणीपुरी खाल्ली असणार. पुढच्याच आठवड्यात मथुराबाईंच्या सुनेला कावीळ निघाली. तिला तर दाराबाहेर पडायलासुद्धा सासूची परवानगी लागते. तरी पाणीपुरीच!

धाकटी बहीण सुकन्या दवाखान्यात सलाइन लावून पडलेली, आणि हे लोक बाहेर बसून तिच्या जिभेचे चोचले मोजत होते. दिपालीचं डोकं तापलं होतं.

आरोग्य केंद्राच्या आशाताई वैजयंती घरोघरी फिरून सांगून गेल्या होत्या. पाणी उकळून प्या, संडासाहून आलात की साबणाने हात धुवा, आणि मुख्य म्हणजे नळाला मोटार लावू नका. नळाची लाइन गटारातून गेलीय, कुठंतरी फुटलीय. मोटार ओढायला लागली की गटारही ओढते. सगळ्यांनी भक्तिभावाने माना डोलावल्या. पाणीपुरवठ्याचे साहेब आले, ते गाडीची काच खाली करून म्हणाले, लीक कुठाय ते आधी दाखवा. आणि गेले.

आज सकाळी पाणी सुटलं. घरोघरी मोटारी घुमायला लागल्या. दिपालीच्या घरचीसुद्धा.

"पप्पा, बंद करा ती."

"आपण बंद केली तर थेंब यायचा न्हाय," सिद्धप्पा बॅरलमध्ये पाइप सोडत म्हणाले. "शेजारचे ओढून नेतील की. आता उकळूनच पितोय ना?"

म्हणजे ह्यांनाही माहीत होतं! दिपाली तरातरा आत गेली, माळ्यावरून रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग काढला, कोपऱ्यावरच्या गटाराची फरशी सरकवली आणि अख्खं पाकीट ओतलं. दारातल्या बायका हसल्या. सिद्धप्पाची पोरगी येडी झाली, म्हणाल्या.

हसू फार टिकलं नाही. मथुराबाईंची घागर गुलाबी झाली.

"कार्टे, माझं पाणी नासवलंस की गं!"

"काकू, आज रंग दिसला म्हणून नासलं व्हय? आमची सुकन्या, तुमची सून, रोज हेच पीत होत्या. फक्त बिनरंगाचं."

तेवढ्यात सिद्धप्पा बाहेर आले. हातातल्या तांब्यातलं पाणी गुलाबी होतं. तसेच आत जाऊन त्यांनी मोटारीची पिन उपटली. शेजारची थांबली. समोरची थांबली. शेवटी मथुराबाईंचीही.

गल्ली गप्प झाली, तसं गटारात फरशीखालून बुडबुड करत पाणी वर उसळायला लागलं. मोटारींची ओढ थांबताच फुटक्या लाइनमधून बाहेर पडणारं स्वच्छ पाणी, घाणीत मिसळणारं. आता आंधळ्यालाही दिसलं असतं.

सिद्धप्पांनी साहेबांना फोन लावला. होय साहेब, नाही साहेब, करत ते अडखळायला लागले, तेव्हा दिपालीने फोन काढूनच घेतला.

"साहेब, लीक सापडलाय. मी तिथंच उभी आहे, तुम्ही येईपर्यंत हलत नाही. आणि या वेळी गाडीतनं खाली उतरा."