राँगेल गाडी बघतोय

"थांबा, ताईंना चढायला काहीतरी देतो," असं म्हणून जीपच्या मालकानं गॅरेजमधून बिअरचा रिकामा क्रेट आणला आणि दारापाशी उपडा ठेवला.

झ्लातकानं क्रेटवर एक पाय ठेवला, उजव्या हातानं दाराची मूठ धरली. डावा हात तिनं पोटाशीच धरून ठेवला होता. त्यातली एक शीर डायलिसिससाठी धमनीला जोडलेली. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, कशाला लोंबकळायचं नाही. दोनदा तोल गेला. तिसऱ्या वेळी ती आत जाऊन बसली आणि काचेतून नवऱ्याकडे बघून हसली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

राँगेल चटकन खाली वाकला आणि जीपच्या पोटाखाली बघायला लागला. बघण्यासारखं काही नव्हतं. उंच जपानी जीप, छतावर घडीचा तंबू, मागे पाण्याची टाकी. इतकी वर्षं तो हीच गाडी डोळ्यांपुढे आणत होता. भावही आवाक्यातला होता.

"टायर गेलेत," तो उठून म्हणाला.

"नवे आहेत हो. मागच्याच महिन्यात टाकलेत."

"मग खाली गंज असणार."

"कुठं आहे, दाखवा."

"आहे," राँगेल म्हणाला, आणि झ्लातकाला उतरवून घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढे केले.

राँगेल प्लोव्हदिव शहराच्या बस स्टँडवर घोषणा करायचा. काचेच्या खोलीत बसून बुर्गासची गाडी, सोफियाची गाडी, स्मोल्यानची गाडी सोडायचा. सबंध देश त्याच्या आवाजावर प्रवासाला निघे आणि तो तिथंच बसून असे. तरुणपणी झ्लातका आणि तो पाठीवर तंबू बांधून रोडोपीच्या डोंगरात चालत हिंडले होते. पुढं त्याचे गुडघे गेले. तेव्हा त्यानं ठरवलं, चारही चाकांना जोर असलेली एखादी गाडी घ्यायची, स्वस्तातली पण भरवशाची, आणि जिथं रस्ता संपतो तिथं मुक्काम टाकायचा. झ्लातकानं उत्साहानं तंबू धुतला, किटली घासली, सगळं बाल्कनीत बांधून ठेवलं. राँगेल गाड्या बघत राहिला. एकीचं इंजिन आवाज करायचं, दुसरी पेट्रोल प्यायची, तिसरीचा मालक त्याला बोलायला लबाड वाटला. दरम्यान झ्लातकाची मूत्रपिंडं गेली. आता आठवड्यातून तीनदा तिला यंत्राला जोडून घ्यावं लागे. जायचं तर शनिवारी निघून रविवारी परत.

मेहुण्याची गाडी मागून आणली होती. डोंगराच्या वाटेला लागल्यावर राँगेलनं रेडिओ लावला, बंद केला, काच खाली केली, वर केली.

"दुसरी बरी असेल," तो म्हणाला. "एका मधवाल्याची आहे. मेतोदी म्हणून."

"बरी असेलच. पहिलीही बरी होती."

"गंज होता तिला."

"राँगेल, माझ्यामुळं नको म्हणालास ना तिला?"

"गंज होता म्हटलं ना."

झ्लातका थोडा वेळ बाहेरची पाइनची झाडं बघत बसली. मग शांतपणे म्हणाली, "मी आजारी नव्हते तेव्हाही गंजच होता. तुला शोधत राहायला आवडतं. घेतली की जावं लागेल ना."

हे राँगेललाही माहीत होतं. पण ती एवढ्या साध्या आवाजात बोलेल असं वाटलं नव्हतं. चिडली असती तर त्यालाही चिडता आलं असतं.

मेतोदी कुंपणाशी उभाच होता. ऐंशीच्या घरातला, अंगावर इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर जाड भिंगं. त्याच्यामागे अंगणात धुऊन पुसून ठेवलेली एक हिरवी फियाट पांडा होती. बिस्किटाच्या पुड्याएवढी.

"ही?" राँगेल म्हणाला.

"मग काय रणगाडा हवाय?"

"काका, जाहिरातीत तुम्ही फोर व्हील लिहिलंय."

"फोर व्हीलच आहे. हा दांडा ओढला की मागची चाकंही कामाला लागतात. तीस वर्षं मधमाश्यांच्या पेट्या वर नेल्यात हिनं. बकरी आहे बकरी."

"मग विकताय कशाला?"

"बकरीला दिसतं, मला दिसत नाही," मेतोदी म्हणाला. "डोळे तपासले आणि लायसन्स परत दिलं नाही त्यांनी."

राँगेल सवयीनं गाडीभोवती फिरला. चाकाला लाथ मारली. बंपरला पोचे होते, आत मेणाचा आणि धुराचा वास होता. तंबू, खुर्च्या, चूल यात मावणार कुठं, असं तो म्हणणार होता. पण तेवढ्यात झ्लातकानं पुढचं दार उघडलं आणि ती खुर्चीत बसावं तशी सहज आत बसली. हात लावावा लागला नाही कुणाला. तिनं स्वतःच दार ओढलं. ते नीट लागलं नाही, तेव्हा पुन्हा ओढलं.

"दोनदा ओढावं लागतं," मेतोदी म्हणाला.

"कळलं," ती म्हणाली.

"सीटच्या पाठी मागे पाडल्या की झोपताही येतं, मुली. माझी बायको झोपायची. मी बाहेर घोंगडीवर."

चक्कर मारायला तिघंही निघाले. मेतोदी मागे गुडघे हनुवटीला लावून बसला. गाव संपलं, डांबर संपलं. ओंडके वाहणाऱ्या ट्रकांनी केलेली चिखलाची वाट सुरू झाली. राँगेलनं दांडा ओढला. गाडी जरा घुटमळली आणि निघाली.

"बास, इथून वळव," मेतोदी म्हणाला. "झाली की चाचणी."

राँगेलनं वळवली नाही. चढ वाढत गेला.

"अरे पोरा, कुठं निघालास? तुला दिलेली नाही अजून."

"जाऊ द्या हो त्याला," झ्लातका हळूच म्हणाली. "वळला तर परत यायचा नाही."

मग मेतोदी पुढं सरकला आणि दोन सीटांच्या मधून त्यानं तोंड काढलं. "डावीकडं ठेव. पुढं मोठा दगड आहे. आता ओढा लागेल, त्यात थांबू नकोस, सरळ जा. घाबरलास की रुतलास."

"तुम्हाला दिसतंय का?"

"कशाला दिसायला हवं? हाडं सांगतात."

ओढ्याचं पाणी काचेवर उडालं. झ्लातकानं डावा हात छातीशी घेतला आणि ती मोठ्यानं हसली. राँगेलला ते हसणं एवढं ओळखीचं वाटलं, की पुढची वाट क्षणभर धूसर झाली. झाडी मागे पडली आणि गाडी उघड्या कुरणावर आली. मावळतीकडं डोंगरामागं डोंगर. कुरणाच्या कडेला दगडी पाणवठा, त्याच्या नळीतून धार अखंड पडत होती.

इंजिन बंद केल्यावर राँगेल लगेच उतरला. चाकं तपासली. जमीन ओली आहे का पाहिलं. तंबू कुठं लागेल, वारा कुठून येईल, ते पावलांनी आखत तो कुरणभर येरझाऱ्या घालू लागला. त्यांच्याजवळ तंबू नव्हता, साधी सतरंजीसुद्धा नव्हती.

मेतोदी बॉनेटवर हात ठेवून उभा होता. "काय शोधतोय तो?" त्यानं विचारलं.

"काही नाही," झ्लातका म्हणाली. "काका, गाडी आम्ही घेतली."

"त्याला विचारलंस का?"

"सांगेन."

मेतोदीनं बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि काढून घेतला. "मग एक कर. थंडीत रोज दोन मिनिटं चालू ठेवा तिला. एकटी सोडू नका." एवढं बोलून तो पाठ फिरवून, आपल्या जुन्या पेट्या असायच्या त्या कडेला चालत गेला.

झ्लातका पाणवठ्याशी आली. राँगेलनं तिला तिकडं जाताना पाहिलं आणि तो धावतच आला. डॉक्टरांनी दिवसभराचं पाणी तिला मोजून दिलं होतं, सकाळच्या चहातच निम्मं संपलेलं. तिनं ओंजळ धरली, बर्फासारखं पाणी तोंडात घेतलं आणि डोळे मिटून ते गालांत खेळवत राहिली. कितीतरी वेळ. मग वाकून तिनं ते सगळं गवतावर थुंकलं आणि बाहीनं तोंड पुसलं.

"गाडी घेतली मी," ती म्हणाली. "शनिवारी येऊ."

राँगेल तोंड उघडून उभा राहिला. बंपरचे पोचे, दार, मागची अडचण, सगळं त्याच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

"बरं," तो म्हणाला.

"तुला तहान लागली असेल."

"नाही."

"खोटं बोलू नकोस. घशाला कोरड पडलीये तुझ्या, ऐकू येतंय मला. पी."

"घरी गेल्यावर पितो."

"इथं पी," ती पाणवठ्याच्या दगडावर बसत म्हणाली. "आणि आवाज करून पी."

राँगेल गुडघ्यांवर बसला. गुडघे दुखले. त्यानं धारेखाली तोंड धरलं आणि तो प्यायला लागला, गटागटा, घशाचा आवाज करत. पाणी कॉलरमधून छातीवर उतरलं. श्वास घ्यायला त्यानं मान वळवली. झ्लातका त्याच्या गळ्याकडं बघत होती. तो पुन्हा वाकला.