वापरणाऱ्याने केलेली मोडतोड

वकीलसाहेबांनी पुन्हा दोरी ओढली. गवत कापायचे मशीन दोनदा खोकले आणि गप्प झाले. त्यांनी दातओठ खाऊन आणखी एकदा ओढली. या वेळी ते खोकलेसुद्धा नाही. मग त्यांनी बुटाच्या टोकाने त्याच्या डाव्या कुशीत लाथ घातली. दुसरी पहिलीहून जोरात बसली आणि तिसरीला आतून बशीला तडा जावा तसा आवाज आला.

न्हावी अर्धे डोके करून पळून जावा तशी हिरवळ समोर पसरली होती. भिंतीपर्यंत गुडघाभर गवत, अलीकडे भादरलेले. संध्याकाळी याच हिरवळीवर कोर्टातली मंडळी चहाला यायची होती. भाड्याच्या खुर्च्या व्हरांड्यात रचून ठेवल्या होत्या. वकीलसाहेबांनी त्यातली एक उचलली आणि मशीनवर हाणली. खुर्चीचा पाय तुटला. त्यांनी ती लांब भिरकावून दिली आणि खिडकीकडे पाहिले.

खिडकीत त्यांची बायको कप पुसत होती. पहिल्या लाथेच्या आवाजालाच तिने हातातला कप खाली ठेवून डोळ्यांवरचा चष्मा काढला होता, डबीत घालून ती मिटली होती आणि कमरेला खोचली होती. हे करताना तिला आता विचार करावा लागत नसे. आधीच्या दोन फ्रेमा वाकल्या होत्या. पहिल्या वेळी चष्मेवाल्याने वॉरंटीत नवी दिली, कारण ती फळीवरून पडली असे तिने सांगितले होते. दुसऱ्या वेळी त्याने फ्रेम उजेडात फिरवून बघितली आणि पडून अशी वाकत नाही बाई, असे हळूच म्हटले. ती दारावर आपटल्याचे सांगून नव्या फ्रेमचे पैसे देऊन आली होती. तेव्हापासून ही डबी.

"हात लाव," वकीलसाहेब खिडकीशी येऊन म्हणाले. "गाडीत टाकायचंय."

तिने एक बाजू धरली. चष्म्याशिवाय तिला डिकीची कड नीट दिसली नाही आणि मशीन घसरून त्यांच्या नडगीला लागले. त्यांनी ओरडाआरडा केला नाही. तिचे मनगट पकडले, डिकीच्या कडेवर आपटले आणि क्षणभर तिथेच दाबून धरले. शेजारचे गृहस्थ बागेला पाणी घालत होते. त्यांना एकदम मागच्या अंगणातले नळाचे काम आठवले.

"धर म्हटलं की नीट धरायचं," वकीलसाहेब म्हणाले.

गाडीत ते वाटभर बोलत होते. एका वर्षात हे तिसऱ्यांदा. आधी दोरी, मग कार्ब्युरेटर, आता हे. कंपनीला ग्राहक न्यायालयात खेचीन, नाक घासायला लावीन. हाताखालच्या नवशिक्या वकिलांना ते एक गोष्ट नेहमी बजावत, की ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आधीपासून ठाऊक नाही तो प्रश्न साक्षीदाराला भर कोर्टात विचारायचा नाही. तीच त्यांनी आज बायकोलाही ऐकवली. ती मनगट मांडीवर ठेवून ऐकत होती.

तिचा मोबाइल त्यांच्या खिशात होता. घराबाहेर पडताना तो त्यांच्याच खिशात असे. परवा ते आंघोळीला गेले असताना तिने ताईला फोन केला होता. ताई नेहमीचेच म्हणाली होती. तू एकदा तोंडाने म्हण, कुणाही परक्या माणसापुढे म्हण, म्हणजे उद्या तू नाही म्हणालीस तरी ते खोडता येणार नाही. मग पुढचं सगळं मी बघते, येऊन घेऊन जाते. एवढेच करायचे होते. नळ सोडून ठेवून तिने आरशापुढे तो शब्द म्हणून पाहिला होता. तो गळ्यापर्यंत येई आणि तिथेच बसे. डॉक्टरांपुढे तिच्या तोंडून जिना निघाला होता, सासूबाईंपुढे ओली फरशी. आपण हे कधी म्हणूच शकणार नाही, अशी तिची खात्री होत चालली होती आणि त्या खात्रीची तिला वकीलसाहेबांहून जास्त भीती वाटे.

दुकानात पेट्रोलचा आणि ग्रीसचा वास कोंडला होता. भिंतीला लागून मशीनांची रांग होती. मेकॅनिक ओळखीचा होता. मागच्या दोन्ही दुरुस्त्या त्यानेच एक पैसा न घेता करून दिल्या होत्या. त्याने मशीन आडवे केले, फडक्याने पुसले आणि पात्यावरून बोट फिरवले. मग डाव्या अंगाला फडके घासले आणि तिथे जरा जास्तच वेळ थांबला.

"हे वॉरंटीत बसणार नाही, साहेब."

"का नाही बसणार?"

"वापरणाऱ्यानं केलेली मोडतोड वॉरंटीत नसते. याला मार बसलाय."

वकीलसाहेबांनी आधी आवाज चढवला नाही. दगड लागला असेल, म्हणाले. मेकॅनिकने पाते दाखवले. दगड खालून लागतो, पाते वाकते, हे तर सरळ आहे. मग कारखान्यातच पोचा आला असेल. मागच्या वेळी इथून नेताना नव्हता, मेकॅनिक म्हणाला. मग तूच पाडलं असशील इथे, असे म्हणून वकीलसाहेबांनी काउंटरवरच्या सुट्या भागांच्या ट्रेला हात मारला. नटबोल्ट फरशीभर उधळले. काउंटरमागची मुलगी उठून उभी राहिली. त्यांनी मेकॅनिकची कॉलर धरली आणि त्याला मागच्या रांगेवर ढकलले. दोन मशीने एकमेकांवर कोसळली.

"मला खोटं पाडतोस? तुझी लायकी काय?"

मेकॅनिकच्या कपाळाला कशाचा तरी कोपरा लागून रक्त आले होते. त्याने हात उगारला नाही. वकीलसाहेबांच्या खांद्यावरून तो दाराकडे पाहत होता. दाराशी उभ्या असलेल्या बाईचा हात डोळ्यांकडे गेला होता आणि तिथे चष्मा नव्हता. मग तिने कमरेची डबी चाचपली. आत चष्मा असल्याची खात्री केली आणि डबी पुन्हा मिटली.

"कॉलर सोडा, साहेब," तो म्हणाला.

मुलीने फोनचा रिसीव्हर उचलल्याचे वकीलसाहेबांना दिसले. त्यांनी कॉलर सोडली, आपल्या बाह्या नीट केल्या आणि त्यांचा कोर्टातला आवाज परत आला.

"ठीक आहे. साक्षीदार आहे माझ्याकडे. ही माझी बायको. दिवसभर घरात असते. हिला विचार."

मेकॅनिकने काही विचारले नाही. तो फडक्याने कपाळ दाबून उभा होता.

"सांग गं याला," वकीलसाहेबच म्हणाले. "मी मारतो?"

त्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिले नाही. उत्तर त्यांना ठाऊक होते. लग्न झाल्यापासून ते उत्तर बदललेले नव्हते.

तिने तोंड उघडले. जिना आला नाही. फरशीही आली नाही.

"मारतात."

वकीलसाहेब सावकाश वळले.

"काय म्हणालीस?"

"मारतात," ती म्हणाली. या वेळी तो शब्द गळ्यात अडकला नाही. ती मेकॅनिककडे बघून बोलत होती. "मशीनला पायानं."

वकीलसाहेब हसले. मेकॅनिकची नजर तिच्या मनगटाकडे गेली. तिथे डिकीच्या कडेची लाल रेघ उठली होती आणि भोवतालचा भाग निळा पडायला लागला होता. तिने मनगट पदराआड घेतले नाही.

"गाडीत जाऊन बस," वकीलसाहेब म्हणाले आणि एक पाऊल पुढे आले.

मेकॅनिकने आडवे पडलेले मशीन दांड्याला धरून उभे केले, फरफटत आणले आणि दोघांच्या मधे ठेवले. स्वतः त्याच्या मागे उभा राहिला. काउंटरमागची मुलगी पुढे येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. रिसीव्हर अजून तिच्या हातात होता, त्याची तार ताणलेली होती.

बाईने डबी उघडून चष्मा डोळ्यांवर चढवला. मग मुलीकडे हात केला.

"झाला का तुमचा फोन? मला ताईला बोलवायचंय."

मुलीने रिसीव्हर बाहीला पुसला आणि तिच्या हातात दिला.