बाल्बिनाचा हात

स्पेनमधल्या आल्मेन्ताच्या गरम पाण्याच्या झऱ्यांची माहिती सांगावी ती ओब्दुलियानंच, हे तेवीस वर्षं गावात कुणी बोलून दाखवलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती. दर शनिवारी अकरा वाजता ती नगरपालिकेच्या पायऱ्यांवर उभी राहायची आणि सारागोसाहून, माद्रिदहून आलेली गुडघेदुखीवाली मंडळी निमूट तिच्या मागून निघायची. रोमन लोकांनी बांधलेल्या पायऱ्या, अरबांच्या हमामाच्या, म्हणजे न्हाणीघराच्या, घुमटाला पाडलेली चांदण्यांसारखी भोकं, खुर्चीतून उचलून आणलेला आणि तीन आठवड्यांनी पायी परत गेलेला बिशप, मंत्र्यांनी जिथे पत्ते कुटले तो जुना नाचघराचा दिवाणखाना. सगळ्या सनावळ्या तिच्या जिभेवर असायच्या. एकही कधी चुकली नाही.

मार्चमध्ये नगरपालिकेनं नेरेआला आणलं. वय अठ्ठावीस, तेरुएलची, पायात पळायचे बूट. हिची फेरी साडेबाराला ठेवली. पहिल्या शनिवारी तिच्याबरोबर सहा जण होते. एप्रिल संपेपर्यंत तीस झाले, आणि ओब्दुलियाकडे उरले नऊ. त्यातल्याही दोघांनी अर्ध्या वाटेत विचारलं, "ती तरुण मुलगी कुठून निघते हो?"

ओब्दुलियाचा नवरा सेफेरिनो दुपारी दारूच्या गुत्त्यातून पत्ते खेळून आला, की बातमी घेऊनच यायचा.

"आज तर टाळ्या वाजल्या म्हणे तिला," तो सूप भुरकत म्हणाला.

"वाजू देत की. टाळ्या माकडाच्या खेळालाही वाजतात."

"मी आपलं सांगितलं."

"तू आपलं जेव."

तिला झोप लागत होती, जेवण जात होतं, पण शनिवारी साडेबाराचा टोला पडला की हातातलं काम तसंच टाकून ती खिडकीशी जायची आणि डोकी मोजायची. बत्तीस. गेल्या वेळेपेक्षा दोन जास्त. अंगाची नुसती लाही व्हायची.

आणि अशात एका मंगळवारी नेरेआ स्वतःच दारात येऊन उभी राहिली. हातात वही. थोर बाईच्या नावाआधी लावायचं ते 'दोन्या' लावून तिनं विचारलं.

"दोन्या ओब्दुलिया, थोडा वेळ आहे का? मी दप्तरखान्यातले कागद सगळे वाचलेत. पण कागदात नसलेलं काहीतरी हवंय मला. ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

ओब्दुलिया भाजीसाठी आर्टिचोकचे गड्डे सोलत होती. आत घे म्हणायची इच्छा नव्हती, पण दारातून परत पाठवणं शोभलं नसतं. मुलगी खुर्ची ओढून बसली आणि दिलेला चाकू घेऊन सोलायलाही लागली. तेही तिला नीट जमत होतं. त्यानं ओब्दुलियाला आणखीच राग आला.

आणि रागाच्या भरात तिनं थाप मारली. पुढच्या महिन्यात विद्यापीठातले एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन येणार होते. त्यांच्यासमोर या पोरीनं ही थाप सांगावी आणि तोंडावर पडावं, एवढाच तिचा हिशेब.

"फार जुनी गोष्ट," ती म्हणाली. "एक राजकन्या आली होती इथे, अंगाला फोड आले म्हणून. मोठ्या झऱ्यावर वाकली आणि बोटातली अंगठी पाण्यात पडली. तिथलं पाणी म्हणजे तुला माहीत आहे, कोंबडी बुडवली तर पिसं आपोआप सुटतात. सगळे नुसते बघत राहिले. तेव्हा पाणी वाहणारी एक बाई पुढे झाली, आणि तिनं कोपरापर्यंत हात घातला."

"आणि?"

"आणि काढली अंगठी. राजकन्येनं पुसून बोटात घातली आणि गेली. बाईचं नावसुद्धा विचारलं नाही."

"नाव काय होतं तिचं?"

"बाल्बिना," ओब्दुलिया बोलून गेली. तेवढं एक नाव जिभेवर होतं म्हणून.

नेरेआचा चाकू थांबला होता. तिनं काही लिहून घेतलं नाही. नुसतं म्हणाली, "बिचारी."

दोन शनिवारांत ती गोष्ट गावभर झाली. चौकातल्या बेकरीवाल्यानं साखर लावलेली गोल बिस्किटं 'राजकन्येच्या अंगठ्या' म्हणून काचेत मांडली. सेफेरिनो पुडा घेऊन आला.

"खाऊन तर बघ. बडीशेप घातलीय."

"मला नको."

"लोक रडतात म्हणे गं ती गोष्ट ऐकताना. त्या नोकराणीसाठी."

ओब्दुलियानं पुडा उचलून कपाटात वरच्या फळीवर, हात पोचणार नाही असा ठेवला. थाप तिची, झरा तिच्या गावचा, आणि रडू आणणार ती तेरुएलची. तेवीस वर्षांत बिशपासाठी कधी कुणी टिपूस गाळलं नव्हतं.

प्राध्यापक आले त्या शनिवारी तिनं आपली फेरी दहा मिनिटं आधीच उरकली आणि नेरेआच्या घोळक्यात मागे जाऊन उभी राहिली. मोठ्या झऱ्यावर वाफ होती, गंधकाचा वास होता. नेरेआनं आधी सगळ्यांना कठड्यावरून नुसता तळहात वाफेवर धरायला लावला. कुणालाच फार वेळ धरवेना. मग ती हळू आवाजात सांगू लागली. पाणी वाहणाऱ्या बायका किती मजले चढायच्या, खोल्यांतून घंटी कशी वाजायची, आणि मग अंगठी, आणि मग तो हात. ओब्दुलियाच्या समोर उभी असलेली एक जाडजूड बाई डोळे पुसू लागली.

आणि ओब्दुलियाला तिथे, उभ्या उभ्या, आपण काय करून बसलो ते कळलं. हात तिनं रचला नव्हता. तो हात तिच्या आईचा होता. बाल्बिना चाळीस वर्षं मोठ्या हॉटेलात झऱ्याच्या पाण्याच्या बादल्या वाहत होती. ओब्दुलिया सात वर्षांची असताना याच कठड्यावर आईचा पाय घसरला आणि उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. तिसऱ्या मजल्यावरून घंटी वाजत होती, म्हणून ओला फडका गुंडाळून ती बादली घेऊन वर गेली. त्या हाताची कातडी पुढे आयुष्यभर चुरगळलेल्या कागदासारखी राहिली. ओब्दुलियानं बिशप सांगितले, मंत्री सांगितले. आई कधीच सांगितली नाही. पाहुण्यांना कशाला सांगायचं, आपली आई बादल्या वाहायची म्हणून? आणि आता ती परकी पोर आईच्या हातावर लोकांना रडवत होती.

प्राध्यापकांनी चष्मा वर केला. "याला कागदपत्रांचा आधार काय?"

हाच क्षण ओब्दुलियाला हवा होता. आता मात्र तो तिला नकोसा झाला.

"काही नाही," नेरेआ शांतपणे म्हणाली. "कोणी राजकन्या इथे आल्याची नोंद नाही, मी शोधलं. गावातल्या एका बाईंनी मला हे सांगितलं. राजकन्येबद्दल मला शंका आहे. पण तो हात खरा असावा. ज्या तऱ्हेनं त्यांनी सांगितलं, त्यावरून वाटलं."

म्हणजे या मुलीला पहिल्यापासून माहीत होतं. ओब्दुलियाला तोंडात मारल्यासारखं झालं. लोकांना बाजूला सारत ती पुढे आली.

"हात माझ्या आईचा आहे," ती म्हणाली. "अंगठीबिंगठी काही नव्हती. तेवढं मी खोटं सांगितलं."

नेरेआ कठड्यापासून दोन पावलं मागे सरली. "मग तुम्हीच सांगा ना, दोन्या ओब्दुलिया."

ओब्दुलियानं सांगितलं. सवयीनं सनापासून सुरुवात केली, हॉटेलाला खोल्या किती, मजले किती, बादलीत पाणी किती लिटर. मध्ये आवाज फाटला, तेव्हा ती थांबली, आणि उरलेलं दोन वाक्यांत संपवलं. प्राध्यापकांनी मान डोलावून टिपून घेतलं. कुणी रडलं नाही. फक्त नेरेआचे डोळे भरले होते, आणि ते ओब्दुलियाला मुळीच सहन झालं नाही.

घोळका हमामाकडे निघाला तशी तिनं नेरेआचा दंड धरला.

"ही गोष्ट यापुढे तू सांगायची नाहीस."

"नाही सांगणार."

"राजकन्येचीही नाही."

"बरं."

"आणि असं लगेच बरं म्हणू नकोस. थोडी तरी भांड."

नेरेआला हसू आलं. "भांडून काय करू? ती तुमची आई होती."

नेरेआनं शब्द पाळला. बेकरीवाल्याची बिस्किटं तशीच खपत राहिली, त्याला कोण अडवणार. ओब्दुलिया आता बिशपाच्या आधी मोठ्या झऱ्यावर थांबते आणि बाल्बिनाचं नाव घेते, तिचा हात कसा भाजला ते सांगते. आधी अडखळायची, आता कमी अडखळते. जूनच्या शेवटच्या शनिवारी तिच्याबरोबर चौदा जण होते, आणि त्यातल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

घरी आल्यावर तिनं सेफेरिनोला ते सांगितलं.

"छान की," तो म्हणाला. "आणि तिच्याकडे किती होते?"

"मला काय माहीत," ओब्दुलिया म्हणाली. चौतीस होते.